महिन्याचे व्याख्यान आणि मागच्या ओळीतली माणसे

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानदेशातल्या गिरणाकाठच्या एका गावात दोन निवृत्त शिक्षक आणि काही तरुण यांनी मिळून स्थानिक इतिहास मंडळ सुरू केले आणि दर महिन्याला एक व्याख्यान ठेवायचे ठरवले. पहिल्या व्याख्यानाला ८० माणसे आली, चौथ्याला ११, आणि त्या ११ मधली ५ मंडळाचीच होती. झालेले विषय असे: मराठी सत्तेचा उदय, १८५७ चा उठाव, संतांचे कार्य, भारतीय संस्कृतीची वैशिष्ट्ये. आता विषय कोणते घ्यावेत, वक्ते कुठून आणावेत, दिवस कोणता धरावा आणि मानधनाचे काय करावे, असे चार प्रश्न त्यांनी विचारले आहेत. पांझरेच्या खोऱ्यातल्या आमच्या गावात असे मंडळ गेली १४ वर्षे चालू आहे आणि त्याची वही माझ्याकडे असते, तेवढ्या अधिकाराने हे उत्तर लिहितो.

विषयांची यादी वाचताच माणसे का ओसरली ते कळते. या चारही विषयांवर ऐकणाऱ्याजवळ भर घालण्यासारखे काहीच नसते. तो ऐकतो, टाळ्या वाजवतो आणि घरी जातो, आणि पुढच्या महिन्यात कपाशीला पाणी द्यायचे असले तर येत नाही, कारण त्याच्या न येण्याने तिथे काही अडत नाही. शिवाय हेच विषय याहून चांगल्या वक्त्यांकडून मोबाइलवर ऐकता येतात. गावातल्या मंडळाचे मासिक व्याख्यान हे माझ्या समजुतीप्रमाणे श्रोत्यांजवळ असलेली माहिती बाहेर काढण्याचे निमित्त असते, आणि वक्त्याने पहिली २५ मिनिटे बोलून तिला वाट करून द्यायची असते. हे मान्य केले तर तुमच्या चारपैकी तीन प्रश्नांची उत्तरे त्यातूनच निघतात.

आमच्याकडे हे कसे उमगले ते सांगतो. दुसऱ्या वर्षी आम्ही पांझरेवरच्या फड या जुन्या पाणीवाटपाच्या पद्धतीवर व्याख्यान ठेवले आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांना बोलावले. नदीवर अंतराअंतराने बांधलेले दगडी बंधारे, बंधाऱ्याच्या एका अंगाने निघणारा पाट, पाटातून फुटणाऱ्या चाऱ्या आणि त्या पाण्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड, म्हणजे भाग, त्यांनी फळ्यावर काढून दाखवले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि ते पीक पुढे दुसऱ्या फडात फिरवायचे, प्रत्येक खातेदाराची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असल्यामुळे उसाचा नफा किंवा कोरड्या फडाचा तोटा एकट्याच्या वाट्याला येत नाही, आणि पाणी देणारा पाटकरी, पिकाची राखण करणारा जागल्या व त्यांच्यावरचा हवालदार यांना शेतकऱ्यांचे पंच नेमतात, हे त्यांनी इतके नीट सांगितले की आता विचारायचे काही उरले नाही असे मला वाटले. तेवढ्यात मागच्या ओळीतले एक वृद्ध उठले, फळ्याजवळ गेले आणि एक चारी चुकीच्या बाजूला काढली आहे असे म्हणाले. त्यांचे वडील पाटकरी होते आणि लहानपणी रात्रीच्या पाण्यावर ते कंदील घेऊन वडिलांबरोबर जात असत. पाट साफ करण्याचा दिवस कसा ठरे, ज्याच्या घरून त्या दिवशी माणूस येणार नाही त्याच्याकडून काय वसूल करीत, दोन भाऊ वेगळे झाले म्हणजे त्यांच्या पाण्याची पाळी कशी मोडत, आणि पाटकऱ्याने पक्षपात केला असे वाटल्यास तक्रार कोणाच्या ओट्यावर जाई, हे त्यांनी उभ्याउभ्या सांगितले. मग दुसरे बोलले, तिसरे बोलले, वरच्या अंगाला लाटीपाडा आणि नंतर अक्कलपाडा ही धरणे झाल्यावर पात्रातले पाणी कसे बदलले यावर दोघांचे चांगलेच वाजले. अभियंते खाली बसून लिहून घेत होते. ते वृद्ध आता नाहीत. चारी आमच्या वहीत दुरुस्त केलेल्या जागी आहे.

त्या दिवसापासून वक्ता ठरवताना मी एकच चौकशी करतो, ती म्हणजे या माणसाला मध्येच कोणी दुरुस्त केले तर तो रागावेल का. पदवी, ग्रंथसंपदा आणि आवाज यांचा विचार नंतर.

विषय लहान घ्या, इतका लहान की त्याबद्दल तुमच्या गावात किमान तीन माणसांना प्रत्यक्ष काही ठाऊक असेल. गिरणाकाठी विषयांची उणीव नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या जामदा बंधाऱ्यावरून निघालेले कालवे घ्या, म्हणजे कालवा फुटल्याच्या, पाणी चोरल्याच्या आणि पाटाच्या कडेच्या झाडांच्या गोष्टी आपोआप येतील. पाचोरा ते जामनेर धावणारी आणि २०२० मध्ये थांबलेली छोटी गाडी, जिला सगळे पी. जे. म्हणतात, तिच्यावर एक सायंकाळ पुरणार नाही, कारण तिच्यातून शाळेला गेलेली, लग्नाच्या वऱ्हाडासह प्रवास केलेली आणि चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढलेली माणसे अजून हिंडतीफिरती आहेत. नदीकाठच्याच बहाळला पुरातत्त्व खात्याने १९५० च्या दशकात उत्खनन केले आणि तिथे व पलीकडच्या तीरावरच्या टेकवाडे येथे ताम्रपाषाण काळातल्या वस्तीच्या व दफनांच्या खुणा मिळाल्या. बहाळच्या मातीत सापडले तसले रंगीत खापर आपल्या गढीच्या पायथ्याशी पावसाळ्यानंतर उघडे पडते का, हा प्रश्न विचारून सुरू केलेले व्याख्यान कोणीही झोपून ऐकणार नाही. शेतांची नावे हा आणखी एक विषय आहे. जमिनीच्या एकत्रीकरण योजनेत सर्वे नंबर जाऊन गट नंबर आले, त्याबरोबर शेतांची बोलीतली नावे कागदावरून पुसली गेली, पण तोंडी ती अजून आहेत. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा काढा, तो मोठा करून भिंतीवर लावा आणि जुन्या-नव्या नंबरांचा मेळ घालण्यासाठी एकत्रीकरणाचा ९(३) आणि ९(४) चा उतारा जवळ ठेवा. आमच्याकडे या एका नकाशावर तीन महिने गेले आणि चौथ्या महिन्यातही माणसे नकाशापुढून हलायला तयार नव्हती.

बाहेरचा मोठा विषय घेऊच नये असे मी म्हणत नाही. तो घेतला तर त्याचे एक टोक गावात पोचलेले असावे लागते. चाळीसगाव तालुक्यातले पाटणे तुम्हाला जवळ आहे. तिथला शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०७ च्या सुमाराचा शिलालेख भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी काढलेल्या मठाविषयी आहे, आणि एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला, एवढे बहुतेकांना माहीत असते. एका प्राध्यापकांनी आमच्याकडे त्यावर बोलताना भास्कराचार्यांचे गणित बाजूला ठेवले आणि लेखाच्या शेवटच्या, जुन्या मराठीतल्या भागावरच भर दिला. पाटण्याच्या बाजारात विकायला येणाऱ्या मालावरचे काही उत्पन्न आणि तेलाच्या घाण्यामागे ठरावीक तेल मठाला द्यावे, असे त्यात आहे. घाणा हा शब्द निघाल्याबरोबर तेली गल्लीतले एक गृहस्थ बोलू लागले, आणि गावातला शेवटचा लाकडी घाणा कधी बंद पडला, बैलाच्या डोळ्यांना झापड का लावत, करडई आणि तीळ यांच्या घाण्यात काय फरक पडे, हे सारे एका सायंकाळी नोंदवले गेले. आठशे वर्षांपूर्वीच्या लेखातला शब्द आपल्या गल्लीतला आहे हे कळल्यावर पाटण्याची सहल आम्हाला वेगळी काढावी लागली नाही, लोकांनीच टेम्पो ठरवला.

श्रोत्यांना बोलते केले की पहिली अडचण सनावळीची येते. ‘आजोबा लहान होते तेव्हा’ यावरून इतिहास लिहिता येत नाही, आणि ‘नेमके साल सांगा’ म्हटले की माणूस गप्प बसतो किंवा मनचे साल सांगतो. याला उपाय म्हणून आम्ही सर्वांना ठाऊक असलेल्या घटनांची एक दोरी करून भिंतीवर लावली आहे. तिच्यावर छप्पन्नचा दुष्काळ, म्हणजे विक्रम संवत १९५६ मधला, इ. स. १८९९-१९०० चा, आहे. १९१८ ची मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची, साथ आहे, डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला भरलेली, खेड्यात झालेली काँग्रेसची पहिली अधिवेशनसभा आहे, नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गोळीबारात पडले तो ९ सप्टेंबर १९४२ आहे, चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला तो १४ एप्रिल १९४४ आहे, गांधीहत्या आहे, महाराष्ट्र राज्याची स्थापना आहे आणि १९७२ चा दुष्काळ आहे. सांगणाऱ्याला साल विचारायचे नाही. दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होतात आणि खायला सुकडी मिळत होती त्याच्या आधी की नंतर, तेव्हा तुमचे लग्न झाले होते का, थोरला मुलगा शाळेत जात होता का, असे विचारले की बहुतेक वेळा दोन-तीन वर्षांच्या फरकाने काळ हाती लागतो. या दोरीवर तुम्ही तुमच्या गावच्या घटना वाढवा: वीज कधी आली, पहिले मोटार-इंजिन कोणत्या विहिरीवर बसले, कोणत्या पुरात कोणत्या पायरीपर्यंत पाणी आले. १८७२ साली गिरणा आणि पांझरा या दोन्ही नद्यांना मोठा पूर आला होता. त्याची कथा नंतरच्या एखाद्या पुराच्या कथेत मिसळलेली असते, ती वेगळी काढणे हेच एक व्याख्यान होईल.

भाषेबद्दल मी थोडा हट्टी आहे. सूत्रसंचालकाने ‘उपस्थित मान्यवर’ म्हटले की अहिराणी बोलणारा माणूस आपली भाषा आवरून छापील मराठीत बोलू लागतो आणि त्याबरोबर अवजारांची, गवतांची, मातीच्या प्रकारांची निम्मी नावे गळून पडतात. म्हणून आमच्याकडे प्रास्ताविकच अहिराणीत होते. ‘तठे आमना मळा व्हता’ असे सांगणाऱ्याचे वाक्य वहीत तसेच उतरवले जाते, त्याचे ‘तेथे आमचा मळा होता’ करीत नाहीत. रावेर-यावलकडच्या मंडळांनी लेवा बोलीबाबत आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या मंडळांनी भिली, पावरी या भाषांबाबत हेच करावे. बोलणाऱ्याची भाषा लिहिणाऱ्याला येत नसेल तर लिहिणारा बदलावा.

बायका येत नाहीत, अशी तक्रार तुमच्या प्रश्नाच्या शेवटी एका ओळीत आहे, ती खरे तर पहिल्या ओळीत हवी होती. गावात नांदायला आलेल्या प्रत्येक बाईला दोन गावांचा इतिहास माहीत असतो आणि आपण तिला एकाही गावाबद्दल विचारत नाही. रात्री आठला शाळेत ठेवलेल्या व्याख्यानाला ती येणार नाही, यात तिचा दोष काय? आम्ही वर्षातले एक व्याख्यान आखाजीला ठेवतो, कारण अक्षय्य तृतीयेला माहेरवाशिणी गावात असतात, झोके बांधलेले असतात आणि गाणी चालू असतात. वेळ दुपारची, जागा एखाद्या मोठ्या अंगणाची, ध्वनिवर्धक नाही, पुरुष दोनच आणि तेही कडेला बसून लिहिणारे. एका वर्षी विषय होता ‘मी सासरी कशी आले’. बैलगाडी, रेल्वे, एस. टी., ट्रॅक्टर अशा वाहनांवरून चार पिढ्यांचा क्रम तर लागलाच, शिवाय आमच्या गावात मुली कोणत्या गावांतून आल्या आणि कोणत्या गावांत गेल्या याचा नकाशा तयार झाला आणि १९७२ नंतर सुरतेकडची सोयरीक एकदम कशी वाढली ते त्यात स्पष्ट दिसले. श्रावणातल्या कानबाई देवीच्या उत्सवात, रोटांच्या वेळीही असेच करता येईल, फक्त त्या दिवसांत घरात काम फार असते हे ध्यानात ठेवावे.

दिवसाचे म्हणाल तर महिन्याचा दुसरा शनिवार धरा आणि काही झाले तरी हलवू नका. पूर्वी अमावस्येला औत धरत नसत, म्हणून आम्ही आधी अमावस्या धरली होती; पण आता ट्रॅक्टर अमावस्या पाळत नाही आणि जी वृद्ध माणसे ती पाळतात ती त्या रात्री घराबाहेर पडत नाहीत, असा दोन्हीकडून तोटा झाला. पेरणीच्या धांदलीत आणि कापूस वेचणीच्या ऐन भरात हजेरी कमी होणारच. तेव्हाही व्याख्यान रद्द करू नये, फक्त विषय हलका घ्यावा. लग्नसराईत तिथी पाहून वेळ पुढेमागे करावी, वार मात्र तोच ठेवावा. जागा शाळेचा व्हरांडा. देवळाच्या सभामंडपात काही जण येत नाहीत आणि पाटलांच्या वाड्याची पायरी काही जण चढत नाहीत, आणि न येणारे कोण आहेत हे कोणी मोजत नाही. शाळेत सगळेच कधी ना कधी बसलेले असतात.

दीपप्रज्वलन, स्वागतगीत, परिचय, शाल-श्रीफळ, मनोगत, अध्यक्षीय समारोप आणि आभार या सगळ्यांना आमच्याकडे पहिल्या वर्षी सरासरी ५० मिनिटे लागत होती. आता एकही होत नाही. वक्ता येतो, बसतो आणि बोलू लागतो. सुरुवातीला दोन-तीन प्रतिष्ठित मंडळी दुखावली, त्यांतली एक अजून दुखावलेली आहे. चहा शेवटी द्या, आधी देऊ नका. चहाच्या वेळी कोपऱ्यात जे बोलणे होते ते लिहून घेण्यासाठी एक मुलगा मोकळा ठेवा, कारण सर्वांसमोर न बोलणारी माणसे तिथे बोलतात.

घरोघरच्या जुन्या कागदांवर व्याख्यान ठेवाल तेव्हा फार जपून चाला. इतिहासाचार्य राजवाडे अशा कागदांसाठी गावोगाव हिंडले, ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचे देहावसान झाले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले, त्यामुळे आपल्या भागात मोडी कागदांविषयी आदर आहे. पण त्याच आदरापोटी लोक कागद प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करून आणतात किंवा फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावतात आणि मग तो कागद कायमचा बिघडतो. व्याख्यानाच्या आधीच्या महिन्यात ही सूचना तोंडी द्या. रुमालात बांधलेले दप्तर रुमालातच आणावे, मालकाने स्वतः उलगडावे, दिवसाच्या उजेडात बाजूला मोजपट्टी ठेवून मोबाइलने छायाचित्र घ्यावे आणि कागद त्याच दिवशी त्याच्याबरोबर घरी जावा. मंडळाने कोणाचाही मूळ कागद सांभाळायला घेऊ नये. ‘मंडळाकडे दिला होता, हरवला’ हे वाक्य एकदा गावात फिरले की पुढची दहा वर्षे एकही दप्तर सुटत नाही. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध जोरात सुरू झाल्यावर मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली, आणि आमच्या एका व्याख्यानाला अर्धे लोक फक्त कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतली, आपल्या पणजोबांची नोंद वाचून घ्यायला आले. त्यांना परत पाठवू नका. त्यांची गरज खरी आहे, पण त्यासाठी वेगळा दिवस द्या, आणि मंडळ दाखले देत नाही हे फळ्यावर लिहून ठेवा.

सरकारी दफ्तरात काही शोधायला निघालात तर जिल्ह्याची नावे लक्षात ठेवा. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता. त्या साली पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले, पूर्वेचे ठाणे जळगाव आणि पश्चिमेचे धुळे, आणि नंदुरबार जिल्हा तर १९९८ मधला. जुन्या सूचीत ‘जळगाव जिल्हा’ शोधत बसलेला एक होतकरू मुलगा दोन दिवस फुकट घालवून आला होता. १८८० साली छापलेले खानदेशचे गॅझेटिअर हे आपल्या सगळ्यांचे पहिले पुस्तक आहे आणि त्यातली पिके, बाजार, रस्ते, घाट यांची माहिती फार उपयोगी आहे. मात्र त्याच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली ती सांगतो. एका व्याख्यानात मी त्यातला भिल्लांविषयीचा मजकूर मराठी करून जसाच्या तसा वाचून दाखवला. इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेतून लिहिलेला तो मजकूर कसा आहे हे मला दाखवायचे होते. पण तो पल्ला गाठायच्या आधीच भिलाटीतून आलेली सहा माणसे उठून गेली. त्यांना वर्षभर भेटत राहिलो. पुढच्या वर्षी त्यांच्यातल्याच एका शिक्षकाने भिल्ल पुढारी खाज्या नाईक याचे बंड आणि ११ एप्रिल १८५८ ची आंबापाणीची लढाई यांवर व्याख्यान दिले आणि औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२५ मध्ये धरणगावला उभी केलेली भिल्ल पलटण ही त्या समाजाच्या बाजूने कशी दिसते तेही सांगितले. एखाद्या समाजाविषयी व्याख्यान असेल तर तो समाज आधी व्यासपीठावर हवा, निदान मजकूर आधी त्यांच्यातल्या चौघांनी वाचलेला हवा.

दुसरी चूक रस्त्यांची. जुन्या गाडवाटा आणि शिवरस्ते यांवरचे व्याख्यान उत्तम रंगले, माणसांनी नकाशावर वाटा काढून दिल्या, आम्ही त्या वहीत उतरवल्या. तीन महिन्यांनी त्यातल्या एका वाटेचा वाद मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांपुढे गेला आणि एका बाजूने आमच्या वहीच्या पानाची छायाप्रत दाखल केली. दुसरी बाजू मंडळाशी आजही बोलत नाही. तेव्हापासून ज्या जमिनीचा, वाटेचा किंवा देवस्थानाचा दावा चालू आहे तो विषय दावा संपेपर्यंत आम्ही घेत नाही.

गढीवर व्याख्यान ठेवाल तर गुप्तधनाचा विषय निघेलच. आपल्याकडे धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या, घरांवर टाकायला गढीची पांढरी माती पिढ्यान्‌पिढ्या नेली जात होती, त्यामुळे गढीतून काय काय निघाले याच्या आठवणी मोलाच्या आहेत. त्या जरूर घ्या, पण कोणत्या कोपऱ्यात मोहरा निघाल्या हे वहीत लिहू नका, आणि जमिनीत पुरलेले जुने धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचा १८७८ चा कायदा अजून लागू आहे हे त्याच बैठकीत सांगा. आमच्या शेजारच्या गावात असल्या चर्चेनंतर रात्रीतून दोन खड्डे पडले होते.

प्रत्येक गावात दोन-तीन दावे असतात: शिवाजी महाराज आमच्या गढीत उतरले होते, देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधले, गांधीजींनी आमच्या पारावर सभा घेतली. वक्त्याने हे दावे भर सभेत खोडू नयेत आणि मान्यही करू नयेत. वहीत ‘असे सांगतात’ या सदराखाली सांगणाऱ्याच्या नावासह लिहावे आणि पुढे पुरावा मिळाला तर शेजारी त्याची नोंद करावी. काळ्या दगडाच्या प्रत्येक देवळाला हेमाडपंती म्हणण्याचेही तसेच आहे. ज्याच्या नावावरून हा शब्द आला तो यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकातला, आणि साक्री तालुक्यातल्या बलसाण्यासारख्या ठिकाणची मंदिरे त्याच्या आधीची मानली जातात, एवढे सांगितले तरी ऐकणारा आपल्या देवळाकडे पुन्हा एकदा पाहायला जातो.

या सगळ्याचा आधार म्हणजे वही. व्याख्यानाला दोन लिहिणारे हवेत, एक वक्त्याचे लिहिणारा आणि दुसरा फक्त श्रोत्यांचे लिहिणारा, आणि त्यातला दुसरा अधिक हुशार असावा. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचे तर तो वक्त्यापुढे न ठेवता बाकांच्या मधोमध ठेवा. पुढच्या महिन्याच्या बैठकीत पहिली दहा मिनिटे मागच्या नोंदी वाचून दाखवा. आपले नाव आणि आपण सांगितलेली गोष्ट मोठ्याने वाचली जाते हे कळले की माणूस येतो, येताना भावाला आणतो, आणि भाऊ म्हणतो की ते तसे नव्हते. आमची हजेरी १४ वर्षांत ४० च्या वर फारशी गेलेली नाही, आणि ११ वर तुम्ही खचून जाण्याचे कारण नाही. त्या ११ पैकी मंडळाबाहेरचे ६ कोण होते आणि ते का आले, हे त्यांच्या घरी जाऊन विचारा. पुढचे विषय त्यांच्याकडेच निघतील.

राहिला मानधनाचा प्रश्न. गावातल्या वक्त्याला काही देऊ नये, कारण एकाला दिले की दुसऱ्याला किती याची तुलना सुरू होते. बाहेरच्या वक्त्याला जाण्यायेण्याचा खर्च न मागता द्यावा, जेवण कोणाच्या तरी घरी ठेवावे, आणि ते घर दर वेळी वेगळ्या गल्लीतले असावे. पैसा वर्गणीतून उभा करावा आणि निवडणुकीच्या वर्षात कोणाची एकरकमी देणगी घेऊ नये. वक्त्याला बोलावताना त्याच्या गावाकडची शेवटची एस. टी. किती वाजता आहे हे आधी विचारून घ्या आणि बैठक तिच्या हिशेबाने सुरू करा, कारण खरे बोलणे शेवटच्या अर्ध्या तासात निघते आणि नेमका तेव्हाच वक्ता घड्याळाकडे पाहू लागतो.